मागे राहिलेल्यांचे मोल

कोरिना टार्निता या मूळच्या रुमानियाच्या. २००९ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळविली, परंतु पुढे त्यांचे गणित रमले ते सजीव सृष्टीत. प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापन करताना त्यांनी वाळवंटातील गवताच्या नक्षीपासून वाळवीच्या वारुळांपर्यंत अनेक रचनांचा हिशेब मांडला.

त्यांचा मातीतील एका अमीबाचा अभ्यास विशेष मननीय आहे. अन्न संपले की हे सहस्रावधी एकपेशीय जीव एकत्र येतात आणि इवलासा देठ उभारतात. सुमारे पंचमांश पेशी देठ होऊन मरतात. उरलेल्या देठाच्या माथ्यावर बीजाणू बनून तगतात. काही पेशी मात्र या मेळाव्यात येतच नाहीत. त्या चुकार, म्हणून दुर्लक्षित राहिल्या. टार्निता व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखविले की, हे मागे राहणे केवळ अपघात नव्हे. त्याचे प्रमाण वंशपरंपरेने चालत येते. अन्न लवकर परतले, तर याच पेशी तत्काळ वाढू लागतात आणि त्यांची संतती पुढे पुन्हा एकत्र येऊ शकते. उपासमार लांबली, तर बीजाणू वंश राखतात.

व्यापाराच्या भाषेत ही गंगाजळीच होय. अमीबाचा नियम माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. तरीही गादीवर न बसता वेगळी वाट धरणाऱ्या मुलाचे नाव खर्चाच्या बाजूस लिहिण्यापूर्वी घराण्याने हा ताळेबंद एकदा अवश्य पाहावा.