नोटीस म्हणजे निकाल नव्हे

‘महिनाभरात घर रिकामे करा’ असा कागद हाती पडला की बहुतेक घरांत नव्या खोलीचा शोध सुरू होतो. कोणी दलालाला फोन लावते, कोणी खालाकडे सामान ठेवायची सोय पाहते आणि मुलांचा दाखला मागायला आई-वडील शाळेत येतात. दाखल्याचे नंतर बघू, आधी नोटीस दाखवा, असे आम्ही त्यांना सांगतो. ती बहुधा कोणी पूर्ण वाचलेलीच नसते.

घरमालकाची नोटीस ही त्याची मागणी असते. वकिलाच्या सहीशिक्क्याने ती कोर्टाचा हुकूम होत नाही. म्हणून घाबरण्याआधी आपण कोणत्या कागदावर राहतो ते पाहावे.

अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार असेल, तर मुदत संपल्यावर राहण्याचा हक्क संपतो. तरीही राहिलो तर दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. अशा कुटुंबांनी मुदतीच्या दोन महिने आधीच बोलणी करावीत. मात्र तेव्हाही मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो, सामान रस्त्यावर काढायचे नसते.

भाडेपावतीवर किंवा पागडीवर वर्षानुवर्षे राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ज्या शहरांना लागू आहे, तिथे ठरलेले भाडे वेळेवर देणाऱ्या आणि भाडेकरूच्या अटी पाळणाऱ्याला कायद्यातील कारण कोर्टात सिद्ध केल्याशिवाय काढता येत नाही. भाडे थकले असेल तर लेखी मागणीनंतर ९० दिवस जाईपर्यंत त्यासाठी दावाही लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, तिच्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरून, पुढेही भाडे भरत राहिल्यास घर वाचू शकते. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल, तर ती गरज खरी आहे का आणि जास्त हाल कोणाचे होतील, हे कोर्ट तोलून पाहते.

काही गोष्टींनी आपणच आपली बाजू कमकुवत करतो. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, लेखी संमती न घेता पक्के बांधकाम करणे, योग्य कारण नसताना सलग सहा महिने घर बंद ठेवून गावी राहणे, ही सारी घर सोडायला लावणारी कारणे ठरू शकतात.

आता नोटीस आल्यावर काय करावे? पोस्टमनला परत पाठवू नये. नाकारलेली नोटीसही मिळाली असे धरले जाऊ शकते. पाकीट आणि तारीख जपून ठेवावी. भाडे थांबवू नये. मालक घेत नसेल तर बँकेतून, पुरावा राहील असे पाठवावे. पावती मागावी, ती देणे मालकाला बंधनकारक आहे. भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारीही कायद्याने मालकावरच टाकली आहे. कोऱ्या कागदावर सही कोणाच्याही भिडेखातर करू नये. पाणी किंवा वीज तोडली, तर ती पुन्हा सुरू करून घेण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. जबरदस्तीने बाहेर काढले, तर ताबा परत मागण्याचा दावा सहा महिन्यांच्या आत लावता येतो.

वकिलाची फी परवडत नाही, हे आम्ही नेहमी ऐकतो. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. घर आपल्या नावावर असेल आणि नोटीस आपल्याच नावे आली असेल, तर भगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावे.

खरी अडचण पुष्कळदा भिडेची असते. मालक मोहल्ल्यातलेच, अब्बांच्या ओळखीचे. ‘चाचांसमोर कोर्टाचे नाव कसे काढायचे?’ असे म्हणून माणसे रातोरात निघून जातात आणि मुलांचे वर्ष अर्ध्यावर तुटते. आम्हाला वाटते, हक्क माहीत असणे म्हणजे बेअदबी नव्हे. चाचांच्या मुलाचे लग्न ठरले असेल आणि त्यांना खोली खरोखरच हवी असेल, तर तेही ऐकून घ्यावे. मग अदबीनेच म्हणावे, ‘चाचा, मुलांची परीक्षा होऊ द्या, मेअखेरपर्यंत मुदत द्या.’ मान्य झाले तर तारीख, अनामत रक्कम परत करण्याचा दिवस आणि दोघांच्या सह्या कागदावर घ्याव्यात. तोंडी शब्द उद्या दोघांनाही वेगळा आठवतो.

ज्यांना आज नोटीस आलेली नाही, त्यांनीही एक काम करावे. भाड्याच्या पावत्या, करार, वीजबिले आणि मुलांचे शाळेचे कागद एका पिशवीत एकत्र ठेवावेत. आणि ती पिशवी कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावे.