आधी सावली पाहा, मग छायाचित्र काढा

गेल्या जूनमध्ये मी बारावीच्या मुलांना एक साधे काम दिले होते. अंगणात एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची, शेजारी खडूने उत्तर दिशेचा बाण काढायचा आणि २१ जूनला दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी काठीच्या सावलीचे छायाचित्र मोबाइलने काढायचे. पनवेलला त्या सुमारास आभाळ भरलेले असते; पण सुदैवाने तासभर ढग फाकले. छायाचित्रे ढिगाने आली. एका पठ्ठ्याने तर चाळीस काढली होती! मी विचारले, "सावली कोणत्या दिशेला होती?" बहुतेकांनी बेधडक सांगितले, "उत्तरेला." त्यांच्याच चित्रांत मात्र ती खडूच्या बाणाच्या उलट बाजूला, म्हणजे दक्षिणेला पडलेली होती. एका मुलीजवळ मोबाइल नव्हता. तिने वहीत सावली रेखाटून आणली होती. ती चाचरत म्हणाली, "सर, माझे चुकले असेल, पण मला दक्षिणेला दिसली."

तिचे चुकले नव्हते. पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि २१ जूनला सूर्य साडेतेवीस अंशांवर, कर्कवृत्तावर असतो. म्हणजे माध्यान्हीला तो आपल्या डोक्याच्या साडेचार अंश उत्तरेकडे असतो आणि मीटरभर काठीची जेमतेम ८ सेंटिमीटर सावली दक्षिणेला पडते. डिसेंबरात हीच सावली उत्तरेला ९१ सेंटिमीटर होते. 'सूर्य दक्षिणेकडून जातो' हे वाक्य आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत लागू पडत नाही. आणि माध्यान्ह १२ वाजता का नाही? आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरचे आहे. आपण त्याच्या सुमारे साडेनऊ अंश पश्चिमेला आहोत.

मग चाळीस चित्रे काढूनही ही गोष्ट मुलांना का दिसली नाही? माझे मत स्पष्ट आहे. त्यांनी चित्र काढले, पण पाहिले नाही. मोबाइलने पाहण्याचे काम आपल्याकडून काढून घेतले आहे. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स असते. दाट पावसाळी ढगांखाली त्याचा दहावा हिस्साही उरत नाही आणि खोलीत तर काही शेच लक्स असतात. पण मोबाइलचा स्वयंचलित कॅमेरा प्रत्येक चित्राचा सरासरी उजेड जवळजवळ सारखा करून टाकतो. प्रयोगाच्या वहीत अशी दोन चित्रे चिकटवून 'आज उजेड कमी होता' असे कोणी लिहिले, तर ते विधान चित्रांवरून सिद्ध होत नाही. आपले डोळेही असेच जुळवून घेतात, म्हणून मोबाइलला एकट्याला दोष देता येणार नाही.

१८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्या वेळी ओल्या काचेवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत, आणि काच वाळायच्या आत सगळे उरकावे लागे. उजेडाचा अंदाज घेतल्याशिवाय हात लावण्याची सोयच नव्हती.

छायाचित्रणाच्या परदेशी पुस्तकांतले नियमही डोळे मिटून घेऊ नका. 'उत्तरेकडच्या खिडकीत ऊन येत नाही, तिथे माणसाला बसवा' हा सल्ला युरोपातला. पनवेलला २१ जूनला सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि दिवसभर आकाशाच्या उत्तर भागातच राहतो. ढग नसले तर उत्तरेच्याच खिडकीत ऊन येईल. सकाळच्या सोनेरी उजेडाचेही तसेच. त्या दिवशी क्षितिजापासून ६ अंश वर यायला सूर्याला लंडनमध्ये सुमारे ४७ मिनिटे लागतात, आपल्याकडे २८. कर्नाळ्याचा सुळका त्या उजेडात टिपायचा, तर चहा पीत बसून चालणार नाही!

शिवाय तिकडे जूनच्या उत्तरार्धात उन्हाळ्याचा उत्सव असतो. आपला उन्हाळा तोवर संपलेला असतो. पण ढगांना नावे ठेवू नका. भर उन्हात माणसाचे डोळे भुवयांच्या सावलीत बुडतात. ढग म्हणजे आकाशभर ताणलेली पांढरी चादर. तिच्यातून उजेड सगळीकडून येतो. कळलावीचे फूल अशाच उजेडात काढून पाहा, पाकळीची प्रत्येक कड दिसेल.

काही पालक म्हणतात, "चित्राला पैसे पडत नाहीत, काढू द्या की चाळीस!" मला हे पटत नाही. मी आता मुलांना एकच चित्र काढू देतो आणि त्याआधी वहीत चार गोष्टी लिहायला लावतो: वेळ, उजेड कुठून येतो, सावलीची दिशा आणि तिची कड ठळक आहे की पुसट. मोबाइलमध्ये उजेड स्थिर ठेवण्याची सोय असली, तर तीही वापरायला सांगतो. सूर्याकडे मात्र थेट पाहू नका आणि भिंगही त्याच्यावर रोखू नका.

२७-२८ जुलैच्या सुमारास पनवेलला माध्यान्हीचा सूर्य पुन्हा थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी बहुधा पाऊस असेल. तरी काठी उभी करून ठेवा, आणि बारा वाजून चाळीस मिनिटांना वही घेऊन बाहेर या.