शब्दविचार : ‘सेट’ ह्या शब्दाचें कूळ

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीं ‘सेट’ ह्या शब्दाचे सर्व अर्थ क्रमवार छापावे, म्हणजे मुलांस ते पाठ करितां येतील, अशी मागणी आमच्या टपालांत वारंवार येत असते. एका भगिनींनीं तर लिहिलें आहे कीं, त्यांचा आठवींतला मुलगा कोश उघडून बसला, ‘सेट’खालची अर्थांची रांग पाहून घाबरला, आणि ‘हें आपल्याच्यानें व्हावयाचें नाहीं’ असें म्हणून त्यानें पुस्तक मिटलें तें मिटलेंच. ह्या भगिनी स्वतः मराठी शाळेंत शिकलेल्या. तेव्हां मुलास साहाय्य कसें करावें हें त्यांस उमगत नाहीं.

यादी आम्ही देणार नाहीं. पहिलें कारण असें कीं, ती ह्या मासिकांत मावणार नाहीं. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची दुसरी आवृत्ति १९८९ सालीं वीस खंडांत निघाली. तींत ‘सेट’ ह्या एका क्रियापदाचे सुमारें ४३० अर्थ दिले असून त्यांच्या विवरणास सुमारें ६०,००० शब्द खर्ची पडले आहेत. पुढें त्याच कोशाच्या नव्या संस्करणाचें काम चालू असतां ‘रन’ ह्या क्रियापदाचे अर्थ ६०० च्या वर गेले आणि ‘सेट’चा पहिला मान गेला. इतके अर्थ कोणी इंग्रजहि पाठ करीत नाहीं. तरी त्याचें कोठें अडत नाहीं. दुसरें कारण ह्याहून महत्त्वाचें आहे. शब्दाची ओळख यादीनें होत नाहीं, कुळानें आणि संगतीनें होते.

आधीं कूळ पाहूं. ‘सिट’ म्हणजे बसणें. त्याचें प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे बसविणें. हें ‘सिट’ आपल्या संस्कृत ‘सद्’ धातूचें भावंड आहे. संस्कृतांत जेथें ‘द’ असतो तेथें इंग्रजींतल्या मूळच्या शब्दांत बहुधा ‘ट’ येतो. द्वि तेथें ‘टू’, दश तेथें ‘टेन’, पद तेथें ‘फुट’, त्याचप्रमाणें सद् तेथें ‘सिट’. सदन, सभासद, परिषद्, उपनिषद् हीं सर्व ह्याच धातूचीं अपत्यें. तेव्हां ज्या शब्दास आपण परका म्हणून भितों, तो दूरचा कां होईना, आपला आप्तच निघाला.

‘बसविणें’ हा एक अर्थ मनांत धरला कीं पुष्कळ गांठी आपोआप सुटतात. सोनार कोंदणांत खडा बसवितो, वैद्य मोडलेलें हाड बसवितो, पूर्वीं छापखान्यांत खिळे ओळीनें बसवीत. हें सर्व ‘सेट’. घड्याळ लावणें, गीतास चाल लावणें, उंदरासाठीं सापळा लावणें, हेंहि ‘सेट’च. पातळ पदार्थ हलावयाचा थांबून जागच्या जागीं बसला, म्हणजे दहीं लागलें किंवा सिमेंट घट्ट झालें, कीं तो ‘सेट’ झाला. सूर्य दिवसभराची वाटचाल करून क्षितिजाखालीं बसला, तोहि ‘सेट’ झाला.

मात्र चहाचा सेट किंवा दागिन्यांचा सेट ह्यांतील नाम मुळांत निराळें आहे. लॅटिनमध्यें अनुसरणें ह्या अर्थाचा एक धातु आहे. त्यापासून ‘सेक्ता’ म्हणजे अनुयायांचा समुदाय हा शब्द झाला, आणि तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजींत आला. त्या लॅटिन धातूचा संस्कृतांतील सोयरा ‘सच्’, म्हणजे सोबत असणें. त्यापासून आपला सचिव. पुढें उच्चार एक झाल्यामुळें दोन्ही शब्द परस्परांत मिसळून गेले. म्हणजे ‘सेट’ ह्या एवढ्याशा शब्दांत परिषदहि आहे आणि सचिवहि आहे!

आतां समानार्थी शब्दांकडे वळूं. मुलांच्या मार्गदर्शिकांत ‘सेट’, ‘पुट’, ‘प्लेस’, ‘ले’, ‘फिक्स’ हे शब्द एका ओळींत छापलेले असतात, आणि कोणताहि शब्द कोठेंहि चालेल असें मुलें समजतात. तसें नाहीं. ‘पुट’ म्हणजे नुसतें ठेवणें, ‘प्लेस’ म्हणजे जागा पाहून ठेवणें, ‘ले’ म्हणजे आडवें किंवा पसरून ठेवणें, ‘फिक्स’ म्हणजे हलूं नये असें पक्कें करणें. आणि ‘सेट’ म्हणजे वस्तूनें आपलें काम करावें अशा स्थितींत तिला बसविणें. घड्याळ मेजावर ठेविलें तर ‘पुट’, भिंतीवर खिळ्यानें पक्कें केलें तर ‘फिक्स’, आणि त्याचे कांटे वेळेशीं जुळविले तर ‘सेट’. घड्याळ एक, शब्द तीन.

ह्यापुढची अडचण ‘सेट’च्या मागोमाग येणाऱ्या लहान शब्दांची. ‘सेट अप’ म्हणजे उभारणें, ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासास निघणें, ‘सेट इन’ म्हणजे पावसासारखें येऊन ठाण मांडणें, ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणें, फटाका उडविणें, शिवाय हिशेबांत वजावट करणें. ज्यांनीं थोडेंसें संस्कृत केलें आहे त्यांस ह्यांत नवल वाटूं नये. एकाच ‘हृ’ धातूपासून प्रहार, आहार, विहार, संहार आणि परिहार होतात; तेच काम हे लहान शब्द इंग्रजींत करितात. आपला उपसर्ग पुढें चालतो, त्यांचा मागून येतो, एवढाच भेद. वेदांत तर उपसर्ग धातूपासून दूर किंवा त्याच्या मागेंहि आढळतो, आणि पाणिनीनें त्याची नोंद केली आहे.

हा सर्व विचार केवळ पंडिती करमणुकीचा नव्हे. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध दांपत्याच्या घराविषयींच्या दाव्यांत खालच्या न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागला होता. प्रतिपक्षानें अपील केलें आणि वरच्या न्यायालयानें तो निकाल ‘सेट असाइड’ केला. त्यांचे वकील त्या दिवसांत अंथरुणास खिळलेले होते. निकालाची इंग्रजी प्रत फोनवर आली. पतिपत्नींनीं तें वाक्य फोनमधील भाषांतराच्या सोयीस घातलें, तेव्हां उत्तर आलें, ‘बाजूला ठेवला’. प्रकरण पुढच्या विचारासाठीं राखून ठेविलें आहे, अशी त्यांनीं समजूत करून घेतली आणि तीं स्वस्थ बसलीं. न्यायालयाच्या भाषेंत ह्या शब्दांचा अर्थ ‘रद्द केला’ असा आहे. उच्च न्यायालयांत दुसरें अपील करण्यास १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें ९० दिवस मिळतात. ते ह्या स्वस्थतेंत निघून गेले. आतां विलंब माफ व्हावा म्हणून त्यांनीं अर्ज केला आहे, आणि त्यावरचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. स्वयंपाकघरांत ‘भाजी सेट असाइड करा’ म्हटलें असतें तर तेंच भाषांतर बिनचूक ठरलें असतें. शब्द तेच होते. बोलणारा आणि प्रसंग हे मात्र निराळे होते.

आपल्या शास्त्रकारांनीं हाच मुद्दा फार पूर्वीं सांगून ठेविला आहे. ‘सैंधव आण’ असें भोजनास बसलेला धनी म्हणाला तर सेवकानें मीठ आणावें, आणि प्रवासाच्या तयारींत असलेला धनी म्हणाला तर घोडा आणावा. भर्तृहरीनें तर वाक्यपदीयांत, अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशावरून ठरवावा, ह्याचीं साधनेंच नोंदून दिलीं आहेत. शेजारचा शब्द, विरोध, प्रकरण, देश, काल अशीं तीं साधनें आहेत. इंग्रजी वाचतांनाहि तींच कामीं येतात.

आतां त्या भगिनींस आणि त्यांच्यासारख्या सर्व मातांस आमचें सांगणें असें. आपणांस ही विद्या येत नाहीं असें मुळींच समजूं नये. ‘गाडी लागली’ हे दोन शब्द घ्या. फलाटावर उभे असतां ते ऐकले तर आपण सामान उचलतां. घाटांत मुलानें म्हटले तर लिंबू शोधतां. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, ग्रहण लागतें, दृष्ट लागते, भात बुडाशीं लागतो. डोळा लागला म्हणजे झोंप आली, आणि वाटेकडे डोळे लागले म्हणजे झोंप गेली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशांत ‘लागणें’खालीं अशा अर्थांची लांब रांग आहे, आणि ती वाचून एखादा इंग्रज विद्यार्थीहि घाबरला असेल. आपण मात्र त्यांतला एकहि अर्थ पाठ केला नाहीं. आईच्या, आजीच्या तोंडून वाक्यें ऐकलीं आणि अर्थ त्यांच्याबरोबर आले.

मुलासहि तीच वाट दाखवावी. एक वही करावी. ‘सेट’ जेथें भेटेल तेथलें संपूर्ण वाक्य तींत उतरवावें. नुसता शब्द उतरवूं नये. वाक्याखालीं मुलानें दोन गोष्टी लिहाव्या: येथें कोण बोलत आहे आणि कशाविषयीं बोलत आहे. मग आईनें विचारावें, ‘हें आपण घरीं कसें म्हणूं?’ कधीं उत्तर ‘बसविणें’ येईल, कधीं ‘लावणें’, कधीं ‘मांडणें’, तर कधीं अगदींच निराळें. कोश त्यानंतर उघडावा, तोहि आपलें उत्तर पडताळून पाहण्यासाठीं. दिवसास एक वाक्य पुरे. ह्या कामास आईला इंग्रजी यावें लागत नाहीं. तिला मराठी उत्तम यावें लागतें, आणि तें तिला येतेंच.