आमच्या पायांखालचा दगड

"आमचा मुलूख नुसता दगडाचा, देवानेंच तो शापिला असावा," असें वाक्य गतवर्षीं एका विद्यार्थ्याच्या निबंधांत वाचण्यांत आलें. दुष्काळांत होरपळणाऱ्या व ऊसतोडीसाठीं परमुलखीं जाणाऱ्या घरांतले ते उद्गार असल्यामुळें आम्हांस हसूं आलें नाहीं. परंतु ते खरे आहेत असेंहि वाटलें नाहीं.

पाटोद्याभोंवतालचा बालाघाट अग्नीनें घडविलेला आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठास लांबच लांब भेगा पडून त्यांतून शिलारस वाहिला. एक थर निवे, तों त्यावर दुसरा पसरे. अशा थरांचेंच दख्खनचें पठार झालें, व आजहि तें सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर पसरलेलें आहे. असाच प्रकार, लहान प्रमाणावर, आइसलंडांत १७८३ सालीं मनुष्याच्या डोळ्यांदेखत घडला. तेथें लाकी येथील सुमारें २७ किलोमीटर लांबीच्या भेगेंतून आठ महिने शिलारस वाहत होता. यॉन स्टेइंग्रिमसन नांवाच्या पाळकानें त्या संकटांत मंडळीस उपासनेंत धीर दिला, आणि जें पाहिलें तें बारकाईनें लिहूनहि ठेविलें. ईश्वरभक्ति व सृष्टिनिरीक्षण यांत विरोध मानणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

आतां हा दगड शापित कसा? त्याच्याच झिजेपासून कापसाची व ज्वारीची काळी माती झाली. पाण्याविषयीं मात्र तो कृपण आहे खरा. अभंग काळ्या पाषाणांत पाणी मुरत नाहीं. तें वरच्या मुरमांत, भेगांत व सच्छिद्र थरांतच सांठतें. म्हणूनच एका विहिरीस पाणी लागतें आणि शेजारची कोरडी राहते. हें न जाणतां कर्ज काढून शेंकडों फूट विंधनविहिरी घेणें म्हणजे पुष्कळदां रिकाम्या कणगींत हात घालणें होय. उथळ थरांतील सांठा थोडा. तो दरवर्षीं भरावा लागतो. यास्तव उतारावर बांध घालणें, झाडें राखणें व पाऊस शिवारांतच जिरविणें, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

पालकांनीं एकदां मुलांस सौताड्याच्या दरीकडे न्यावें. धबधबा पाहून सारेच परततात. विद्यार्थ्यांनीं मात्र कड्यांतील थर मोजावे, पाणी कोठून पाझरतें तें वहींत टिपावें. ज्यास आपल्या पायांखालचा दगड वाचतां आला, तो विहीर खणण्यापूर्वीं विचार करील, आणि आपल्या हयगयीचा दोष देवाच्या माथीं मारणार नाहीं.