थांबायचे कोणी?

बेकार तरुणाला मदत मागताक्षणी द्यावी की काही काळ थांबवून, हा वाद पुनःपुन्हा उकरला जातो. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०१४ च्या अर्थसंकल्पात तिशीच्या आतील बेकारांना भत्त्यासाठी सहा महिने थांबविण्याचा प्रस्ताव मांडला. लगेच पैसा मिळाला तर तरुण काम शोधणार नाही, हा त्यामागील तर्क. सिनेटमध्ये पाठिंबा न मिळाल्याने तो बारगळला. तर्क मात्र आपल्याकडेही ऐकू येतो.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी, आणि नेमके उलट दिले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून व १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास भत्ता द्यावा. मुदत होती, पण ती शासनावर. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही हेच तत्त्व उचलले.

हे तत्त्व आता झिजत आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात शंभराचे १२५ दिवस झाले. परंतु शेतीच्या हंगामात वर्षाकाठी एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूदही आली. पाऊस लांबला आणि सोयाबीनची पेरणी खोळंबली, तर त्या दिवसांत मजुराने खायचे काय?

शिकलेल्या तरुणाच्या वाट्याला तर हमी आलीच नाही. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन मिळाले, ते सहा महिने. पुढे पाच महिने वाढले. येथे मुदत तरुणावर आहे. ती संपली की शासन मोकळे.

किल्लारीचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावे नव्याने वसली, शासकीय भरतीत भूकंपग्रस्तांना दोन टक्के समांतर आरक्षण मिळाले. पण भरती केव्हा निघावी यास कोणतीही मुदत नाही. त्या साली जन्मलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत.

थांबल्याने काम निर्माण होत नाही. थांबण्याचा खर्चही नाहीसा होत नाही; तो आईबापांच्या मजुरीवर आणि सावकाराच्या वहीत चढतो. पैसा कोठून आणणार, असे विचारणाऱ्यांनी १९७५ चा व्यवसाय कर आठवावा. शहरातील पगारदारांनी खेड्यातील मजुरांसाठी तो भरला.

हमीचा भत्ता प्रत्यक्षात क्वचितच कोणाच्या पदरात पडला, हे आम्ही नाकारीत नाही. मागणीची पोचच दिली नाही, की पंधरा दिवसांची गणना सुरू होत नाही. म्हणून प्रत्येक मागणीची तारखेसह पोच मिळवून देणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे पहिले काम आहे. दुसरे काम, नोंदणी केलेल्या सुशिक्षित तरुणासही ठरावीक मुदतीत काम अथवा भत्ता मिळावा असा कायदा मागणे. मुदत असावी, ती शासनाला असावी.