पार्किंग फुकट, मग पास का नाही?
गाडीने येणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनी फुकट पार्किंग देते; बसने येणाऱ्याला काय देते? पुण्याची मेट्रो २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत पोहोचली. खराडीची आयटी कार्यालयं तिथून जेमतेम काही किलोमीटरवर, पण तेवढ्या शेवटच्या टप्प्यासाठी लोक घरापासूनच एकटे गाडी काढतात. नुसत्या आवाहनांनी हे बदलणार नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९२ मध्येच कायदा केला: भाड्याच्या जागेत फुकट पार्किंग देणाऱ्या मोठ्या कंपनीने, ते नाकारणाऱ्या कर्मचाऱ्याला पार्किंगच्या खर्चाएवढे पैसे रोख द्यावेत. आपल्या कंपन्यांनी कायद्याची वाट कशाला पाहायची? पीएमपी बस आणि मेट्रोचा पास द्या, स्थानकापासून मिनीबस सोडा, सायकलवाल्यांसाठी अंघोळीची सोय करा. आधी सोय करा. उपदेशाची गरजच उरणार नाही.