सवलत घराला, बिल दुकानाला
सातारा-सांगलीच्या बाजारपेठांतील ऊर्जाबचतीचा अडलेला हिशेब

(प्रतिनिधी)

वीजनिर्मितीच्या नकाशावर सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचे स्थान मोठे आहे. पाटण तालुक्यातील कोयना धरणाच्या पाण्यावर सह्याद्रीपलीकडे उभ्या राहिलेल्या जलविद्युत प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर तसेच सांगली जिल्ह्यातील ढालगाव परिसरात पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. पाटण तालुक्यातीलच मान्याचीवाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. मात्र याच दोन जिल्ह्यांतील मोती चौक, खणआळी, गणपती पेठ किंवा हरभट रोडवरील लहान दुकानदाराच्या हाती दरमहा पडणारे वीजबिल पाहिले, तर हरित ऊर्जेचा हा प्रवाह त्याच्या उंबरठ्याशीच का थांबतो, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

किराणा, कापड, औषधे, मिठाई, केशकर्तनालय, झेरॉक्स, पिठाची गिरणी असे व्यवसाय एकेकटे पाहिले तर किरकोळ वाटतात. त्यांचा एकत्रित वापर मात्र किरकोळ नाही, आणि त्याची वेळ तर विशेष महत्त्वाची आहे. सायंकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत दुकानांत गर्दी असते, पाट्या उजळलेल्या असतात आणि घरोघरीही दिवे, पंखे, दूरचित्रवाणी संच सुरू असतात. विजेची मागणी शिखरावर जाते ती याच सुमारास. सूर्य मावळलेला असल्याने सौरऊर्जा त्या वेळी कामाची नसते. अशा वेळी कोयनेसारखे जलविद्युत प्रकल्प धावून येतात. परंतु कोयनेचे पश्चिमेकडे वळविता येणारे पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत मर्यादित केले आहे. त्यामुळे बाजारपेठेत सायंकाळी वाचलेले एक युनिट दुपारी वाचलेल्या युनिटपेक्षा अधिक मोलाचे ठरते.

भारनियमनाने दिलेली सवय

राज्यात २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. दुकानाबाहेर जनरेटरची घरघर, आत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या, हे चित्र तेव्हा प्रत्येक पेठेत दिसे. त्या काळात व्यापाऱ्याने शिकलेला धडा वीज वाचविण्याचा नव्हता. वीज नसताना दुकान कसे चालवायचे, याचा होता. भारनियमन ओसरले, पण अनेक ठिकाणी ती जुनी यंत्रणा तशीच राहिली. जुनाट इन्व्हर्टर बॅटरी भरून ठेवण्यासाठी दिवसभर वीज खात राहतो आणि परत देताना तिचा काही भाग उष्णतेत घालवतो, याकडे सहसा लक्ष जात नाही.

देशाच्या पातळीवर ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ मध्ये स्थापन झाला आणि उपकरणांवर तारांकन देण्यास २००६ मध्ये प्रारंभ झाला. २०१५ मध्ये 'उजाला' योजना आली. मोठ्या प्रमाणावरील एकत्रित खरेदीमुळे एलईडी दिव्याची खरेदी किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आली. सामान्य ग्राहकाला ऊर्जाबचत परवडू लागली ती या एका निर्णयामुळे, असे म्हणता येईल. परंतु पुढची पायरी, म्हणजे लहान व्यवसायाच्या एकूण वापराची तपासणी, गाठली गेली नाही. ऊर्जा लेखापरीक्षणाचे बंधन मोठ्या वापरकर्त्या उद्योगांना आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात मीटरचे आकडे घेणाऱ्याखेरीज कोणी फिरकत नाही.

हिशेब काय सांगतो?

एक साधे उदाहरण घेऊ. मध्यम आकाराच्या दुकानात चोकवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या आठ ट्यूब आणि तीन साधे पंखे दिवसाला दहा तास सुरू राहतात, असे मानू. जुनी ट्यूब चोकसह सुमारे ५५ वॉट घेते, एलईडी ट्यूब २० वॉट. साधा पंखा ७५ वॉट घेतो, तर नव्या बीएलडीसी तंत्राचा पंखा ३० वॉटच्या आसपास. ही अदलाबदल केल्यास दिवसाला चार युनिटांहून अधिक आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर शंभराहून अधिक युनिटांची बचत होते. युनिटला दहा रुपये धरले, तरी वर्षाला सुमारे तेरा हजार रुपये वाचतात. दिवे आणि पंख्यांचा खर्च दहा-बारा हजारांच्या घरात जातो. म्हणजे गुंतवणूक साधारण वर्षभरात वसूल होते.

शीतपेटीचा हिशेब याहून अडचणीचा आहे. अनेक दुकानांत काचेच्या दाराची शीतपेटी शीतपेय कंपनीकडून आलेली असते. पेटी फुकट, पण तिचे बिल दुकानदाराचे. कोणती पेटी द्यायची हे कंपनी ठरवते. ती किती वीज खाते, याची झळ मात्र दुकानदाराला बसते. पेटी भिंतीपासून थोडी पुढे ओढणे, दाराचे रबर बदलणे, मागील जाळीवरची धूळ झाडणे, दुकान बंद करताना तिच्यातील जाहिरातीचा दिवा मालवणे, हे जवळजवळ बिनखर्चाचे उपाय आहेत. तारांकित पेटीचा आग्रह धरायचा, तर तो एकट्या दुकानदाराने धरून भागणार नाही; व्यापारी संघटनेलाच पुढे व्हावे लागेल.

छत कोणाचे?

खरी कोंडी सौरऊर्जेत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घराच्या छतावर तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठे संयंत्र बसविल्यास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठीही अनुदानाची तरतूद आहे. वाणिज्य वर्गातील वीजजोडणी असलेल्या दुकानाला मात्र यातले काहीच नाही. दुकानाचा वीजदर घरगुती ग्राहकापेक्षा चढा, त्यावरील वीजशुल्कही अधिक. आणि सवलतीच्या वेळी तो रांगेबाहेर. व्यापाऱ्याला प्राप्तिकरात घसाऱ्याचा लाभ मिळतो, असे यावर सांगितले जाते. परंतु अनुमानित करपद्धती स्वीकारणाऱ्या लहान दुकानदाराला तो लाभ स्वतंत्रपणे घेता येत नाही. हिशेबवह्या आणि सनदी लेखापाल बाळगणाऱ्या मोठ्यांनाच तो पावतो.

दुसरा अडसर मालकीचा. पेठेतील असंख्य दुकाने भाड्याच्या किंवा पागडीच्या गाळ्यांत आहेत. छत मालकाचे, बिल भाडेकरूचे. मालकाला खर्च करण्यात रस नसतो आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या छतावर पंचवीस वर्षे टिकणारे संयंत्र बसविण्याचा धीर होत नाही. नगरपालिकांच्या व्यापारी संकुलांतही हीच स्थिती आहे. एका सामाईक संयंत्राची वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून देण्याची पद्धत दिल्लीने २०१९ मध्ये स्वीकारली. पालिकांच्या संकुलांसाठी ही पद्धत अत्यंत सोयीची आहे. छत एकाच संस्थेच्या ताब्यात आणि ग्राहक त्याच इमारतीत, अशी स्थिती इतरत्र क्वचितच सापडते.

भट्टी आणि माग

या दोन जिल्ह्यांतील लहान धंदा केवळ दिव्या-पंख्यांवर चालत नाही. साताऱ्याच्या कंदी पेढ्यासाठी खवा आटवावा लागतो. लाकडाच्या उघड्या भट्टीत बरीच उष्णता कढईपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते आणि धूर कारागिराच्या छातीत जातो. मुंबईतील बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडावा, असा आदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. असा आदेश येथे येण्याची वाट पाहण्यापेक्षा सुधारित भट्टीकडे आताच वळणे शहाणपणाचे ठरेल.

विट्याच्या यंत्रमागांचा प्रश्न मोटारींचा आहे. जळालेली मोटार पुन्हापुन्हा गुंडाळून वापरली की तिची कार्यक्षमता घटत जाते. नवी मोटार महाग वाटते. जुनी मोटार दर महिन्याच्या बिलातून किती वसूल करते, हे मात्र दिसत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेत लहान यंत्रमागधारकांसाठी सौरऊर्जेचा स्वतंत्र घटक ठेवला होता. त्या धर्तीवर किरकोळ व्यापारासाठी योजना आखणे अशक्य नाही.

आता काय करता येईल?

किरकोळ व घाऊक व्यापाराचा समावेश केंद्राने जुलै २०२१ मध्ये सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांत केला, तो केवळ अग्रक्रमाच्या कर्जापुरता. त्याच खिडकीतून दिवे, पंखे, मोटारी, शीतपेट्या यांसाठी छोटे कर्ज देता येईल. वर्षभरात वसूल होणारी गुंतवणूक पतसंस्थांनाही जोखमीची नाही. व्यापारी संघटनांनी 'उजाला'प्रमाणे एकत्रित खरेदी केली, तर किमती आणखी उतरतील. पालिकांनी आपल्या संकुलांपासून सुरुवात करावी. राज्य शासनाने लहान वाणिज्य ग्राहकांना, निदान ठरावीक जोडभारापर्यंत, सौर अनुदानाच्या कक्षेत आणावे.

या शहरांना शिस्त नवी नाही. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील लोकसंख्येच्या शहरांत २०२० मध्ये कराड आणि २०२१ मध्ये विटा देशात पहिले आले. कचरा वेगळा करणाऱ्या पेठा वीजही मोजून वापरू शकतील. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले, तेव्हा हरभट रोड, मारुती चौकातील दुकानांत पाणी शिरले आणि माल डोळ्यांदेखत भिजला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. हवामानाच्या लहरीपणाची पहिली किंमत लहान दुकानदारच मोजतो. हरित होण्याचा खर्चही त्याच्या एकट्याच्याच गल्ल्यातून जावा, अशी अपेक्षा ठेवणे न्यायाचे नाही. येत्या अर्थसंकल्पांत नगरपालिका आणि राज्य शासन त्याच्यासाठी कोणती तरतूद करतात, याकडे पेठांनी लक्ष ठेवले पाहिजे.